त्रेचाळीस तासांचा सहवास

तृप्ती मगदूम बँकेत गेली ती पूर्ण तयारीनिशी. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात ती अठरा वर्षं डायलिसिस टेक्निशियन होती. पेशंट यंत्राला जोडण्याआधी नळ्या, पाणी, दाब सगळं दोनदा तपासून पाहायचं, ही सवय तिच्या अंगात मुरली होती. कर्जाच्या बाबतीतही तिनं तेच केलं.

कर्ज लेकीसाठी हवं होतं. ईश्वरीला पुण्याच्या एका संस्थेत कृत्रिम हात-पाय बनवण्याच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली होती. संस्था नवी, त्यामुळे शैक्षणिक कर्जाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. वैयक्तिक कर्जच काढावं लागणार होतं, सहा लाखांचं. पैसे भरायची शेवटची तारीख एकतीस ऑगस्ट. नवरा सात वर्षांपूर्वी अपघातात गेला, तेव्हापासून घर तृप्तीच्या पगारावर चालत होतं.

अर्ज करण्याआधी तीन महिने तिनं स्वतःचा पत अहवाल मागवून ओळ न् ओळ वाचला. कधीच बंद केलेलं एक कार्ड त्यात चालू दिसत होतं. पत्रं लिहून ती चूक दुरुस्त करून घेतली. कार्डाच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त खर्च होऊ दिला नाही. एकदम चार बँकांत अर्ज टाकले तर प्रत्येक चौकशीगणिक आकडा घसरतो हे वाचल्यामुळे एकच बँक निवडली. स्कूटरचा, फ्रिजचा, अपघातानंतर नवऱ्यावर झालेल्या उपचारांचा, एकही हप्ता कधी चुकला नव्हता. मार्चमध्ये तिचा आकडा होता सातशे एकसष्ट. सातशेच्या वर असला की कर्ज मिळतं, हे कुणीही सांगितलं असतं.

जूनच्या दोन तारखेला बँकेतल्या तन्मय कानिटकर नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर सहाशे अठरा असा आकडा होता.

"हा माझा नाही," तृप्ती म्हणाली.

"तुमचाच आहे मॅडम. एप्रिलपासून आपण नवीन पद्धत घेतली. सहवास गुणांक." तो नम्रपणे बोलत होता. "तुमची परतफेड आरशासारखी स्वच्छ आहे. अडचण तिथे नाही. अडचण संगतीत आहे."

"संगतीत म्हणजे?"

"तुम्ही ज्यांच्यात वावरता, ती माणसं."

तृप्तीला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. पण तो माहिती देत होता. २०३८ सालापर्यंत पत मोजण्याची जुनी रीत मागे पडत चालली होती. जुनी रीत माणसाचं स्वतःचं वागणं बघायची. हप्ते वेळेवर दिले का, उधारी किती वापरली, खाती किती जुनी, इतकंच. पाच वर्षांपूर्वी काही संशोधकांना दिसलं की हप्ते थकणं साथीसारखं पसरतं. एखाद्याभोवतीच्या दहा माणसांतल्या तिघांचे हप्ते थकले, तर वर्षाच्या आत त्याचेही थकण्याची शक्यता वाढते. कारणं साधी होती. एकच कारखाना बंद पडतो आणि आख्खी गल्ली बेकार होते, भाऊ भावाला उसने देतो. पण कारणं सांगत बसायला वेळ लागतो, आणि आकडा लगेच विकता येतो. प्रत्यय पतमापन नावाच्या कंपनीनं तो विकायला काढला.

भोवतालची माणसं शोधणंही सोपं होतं. मागच्या साथीत कोण कुणाजवळ होतं हे कळावं म्हणून फोनांना एकमेकांची चाहूल घ्यायला शिकवलं होतं. साथ गेली, सवय राहिली. दोन फोन दोन मीटरच्या आत किती वेळ होते याची नोंद होत राहिली. कंपनीनं प्रत्येक माणसाचा एक ठिपका केला, सोबत घालवलेल्या तासांचे धागे ठिपक्यांमध्ये ओवले, आणि एकाची पत त्या धाग्यांवरून दुसऱ्यात झिरपू दिली.

"कारणं लेखी द्या," तृप्ती म्हणाली. "मराठीत. तो माझा हक्क आहे."

तन्मयनं कागद छापून दिला. पहिली ओळ होती, निकट सहवासातील व्यक्तींपैकी चौसष्ट टक्के व्यक्ती थकबाकीदार. दुसरी ओळ, अशा सहवासाचा साप्ताहिक कालावधी त्रेचाळीस तास.

ती त्रेचाळीस या आकड्याकडे बघत राहिली. आठवड्याला सहा दिवस, रोज आठ तास, त्यातून जेवणाची सुट्टी वजा. ती तिची ड्यूटी होती.

"हे माझे पेशंट आहेत," ती म्हणाली. "किडन्या निकामी झालेली माणसं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला बांधलेली. त्यांच्या नोकऱ्या जातात. यायच्या-जायच्या भाड्यात आणि इंजेक्शनांत घर रिकामं होतं. हप्ते थकतील नाहीतर काय होईल?"

"मॉडेलला आजार कळत नाही मॅडम. ते फक्त फोन बघतं." तन्मयनं आवाज खाली आणला. "माझं ऐका. बदली मागा. सहा महिने वेगळ्या लोकांत बसा, आकडा आपोआप चढेल. बरेच जण तसंच करतात."

फोन घरी ठेवून जाणं शक्य नव्हतं. यंत्राच्या धोक्याच्या सूचना टेक्निशियनच्या फोनवरच येत. कागदाची घडी घालून ती उठली.

सहकर्जदार मिळाला तर काम होईल, म्हणून रविवारी ती सांगलीला भावाकडे गेली. सुयोग तिच्याहून सहा वर्षांनी लहान, विश्रामबागेत त्याचा नवा फ्लॅट. वर्षभरात दोघांची गाठ पडली नव्हती. भाऊबीज त्यानं व्हिडिओ कॉलवर उरकली होती. ऑफिसचा ताण असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. केतकी हसली, पण दारातून बाजूला झाली नाही.

"अक्का, एक विनंती करू? फोन खाली गाडीच्या डिकीत ठेवून येता?"

"का गं?"

"नाही, म्हणजे... आत आल्यावर सांगते."

तृप्ती दोन जिने उतरली, फोन डिकीत ठेवला, पुन्हा चढली. चहा समोर आला तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं कप खाली ठेवला.

"सुयोग, माझा फोन तुमच्या घरात का नको?"

तो केतकीकडे बघायला लागला. मग म्हणाला, "अक्का, आमच्या घरकर्जाचा दर दर तिमाहीला ठरतो. गेल्या वर्षी तू गणपतीत तीन दिवस राहिलीस ना, त्यानंतर ॲपवर लाल खूण आली. निकटवर्तीयामुळे जोखीम. खाली तुझी आद्याक्षरं होती."

"म्हणजे वर्षभर तू मला टाळत होतास."

"तुला नाही गं. फोनला."

"फोनला भाऊबीज घालतात का?" तिचा आवाज चढला नव्हता, पण केतकीनं मान खाली घातली. "मला सांगायचंस तरी. मी रस्त्यावर उभी राहून भेटले असते. वर्षभर मी विचार करत होते, माझं काय चुकलं."

"सांगायला तोंड नव्हतं अक्का."

"आणि गप्प बसायला होतं." ती उठली. कर्जाचा विषय तिनं काढलाच नाही.

परतीच्या रस्त्यावर तिला आणखी एक गोष्ट उमगली, आणि तिनं स्कूटर कडेला घेतली. गेली दोन वर्षं डायलिसिस विभागात पेशंटचे नातेवाईक थांबेनासे झाले होते. पूर्वी बायको, सून, कुणीतरी शेजारी बसून पेपर वाचून दाखवायचं, पाय चेपायचं. आता रिक्षा फाटकाशी यायची, पेशंट उतरायचा आणि रिक्षा निघून जायची. लोकांना वेळ नसतो हल्ली, असं विभागात सगळे म्हणायचे. लोकांना वेळ होता. त्यांच्या फोननं त्यांना सांगितलं होतं, या ठिकाणी कमी थांबा.

हे कळल्यावर तिला संताप आला. आणि तरीही दुसऱ्या दिवशी तिनं बदलीचा अर्ज दिला.

ईश्वरी काही बोलली नव्हती. फक्त संस्थेचं पत्र टेबलावर उघडं ठेवून झोपी गेली होती. सकाळी ते पत्र बघून तृप्ती प्रशासनाकडे गेली आणि अभिलेख विभागात जागा मागितली. तिथे कागद सांभाळायचे असतात, आणि कागदांचे हप्ते थकत नाहीत. पेशंटना तिनं सांगितलं, वरून आदेश आलाय. पलंग क्रमांक चारवरच्या मुजावर सरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि मान हलवली. सलीम मुजावर सांगलीच्या एका कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवत होते. निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी किडन्या गेल्या. पाच वर्षं त्यांच्या हातात सुई तृप्तीच घालत आली होती.

अभिलेख विभाग तळघरात होता. आठ दिवसांनी तिनं आकडा पाहिला, तर सहाशे सत्तावीस. नऊ गुण वाढले होते. तिनं एक रुपया फेडला नव्हता, एक रुपया घेतला नव्हता. फक्त आजारी माणसांपासून उठून कपाटांजवळ बसली होती. ईश्वरीनं कागदावर गणित मांडलं. आठ दिवसांना नऊ, म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सातशे. मुलगी कितीतरी दिवसांनी हसली.

त्याच दिवशी दुपारी तळघराच्या लिफ्टचं दार उघडलं आणि वॉर्डबॉयनं मुजावर सरांची चाकाची खुर्ची आत आणली. सरांच्या हाताला ताजी पट्टी होती.

"सर, तुम्ही इथे कशाला आलात?" तृप्ती गडबडून उठली.

"तुला रागवायला नाही. बस. इरफान जवळ बसेनासा झाला तेव्हा माझा रागवायचा कोटा संपला." इरफान त्यांचा मुलगा. तोही बापाला फाटकाशी सोडून जायचा. "मला तुझा आकडा हवाय. इकडे यायच्या आधीचा आणि आत्ताचा."

तिनं खाली मान घालून दोन्ही आकडे सांगितले. सरांनी वहीत लिहून घेतले.

"मी विभागातल्या अकरा जणांचे आकडे घेतलेत. एक्स-रेवाल्या चौदा जणांचे पण. पगार तोच, हप्ते सगळ्यांचे वेळेवर. तरी तुमच्या लोकांचा आकडा सरासरी एकशे अठरानं खाली. आता एक प्रश्न राहतो. कंपनी म्हणेल, माणूस आपल्यासारख्याच लोकांत बसतो, म्हणून सहवास हा स्वभावाचा पुरावा. पण तुम्हाला माझ्याजवळ स्वभावानं नाही, ड्यूटीच्या तक्त्यानं बसवलंय. तो तक्ता बदलला आणि तुझा आकडा चढला. हे फार मोलाचं आहे."

"मग पुरावा मिळाला ना?"

"अर्धा. एकदा चढला तर ते योगायोग म्हणतील. एकच माणूस, बाकी काही बदललं नाही, जागा बदलली की आकडा चढतो, परत आली की उतरतो, असं दिसलं तर मात्र योगायोग म्हणता येत नाही." त्यांनी वही मिटली. "पण ते मी तुला करायला सांगत नाही. तू इथेच राहा. लेकीचं बघ. दुसरं कुणी सापडेल."

ते गेल्यावर तृप्ती कामाला लागली. जुनी हजेरीपुस्तकं वर्षवार लावायची होती. डायलिसिसच्या पुस्तकात शेवटचा रकाना सोबत आलेल्या व्यक्तीच्या सहीचा. २०३५ सालात तो भरलेला होता, वेडीवाकडी अक्षरं, अंगठे, कुठे चहाचा डाग. २०३७ मध्ये पानंच्या पानं कोरी. ती पानं उलटत गेली आणि मग दुसरं पुस्तक काढलं, उपचार मध्येच सोडलेल्यांचं. आणायला-न्यायला कुणी नाही, या कारणानं गेल्या वर्षी नऊ जणांनी डायलिसिस सोडलं होतं. त्यातल्या सात नावांपुढे मृत्यूची तारीख होती. सातही जण तिच्या ओळखीचे होते.

तिनं पुस्तक मिटलं नाही. फोननं त्या पानाचे फोटो काढले, वर गेली आणि बदली रद्द करण्याचा अर्ज लिहून दिला.

घरी ईश्वरीनं ऐकून घेतलं. "फक्त दहा आठवडे होते आई."

"माहितीये."

"तू त्यांच्यासाठी माझी जागा घालवलीस."

"जागा त्या कंपनीनं घालवली." असं म्हणतानाच तिला कळलं की हे पूर्ण खरं नाही. "आणि मीही. हवं तर माझ्यावर चीड. पण तिथे बसून मला कर्ज मिळालं असतं ना, तर प्रत्येक हप्त्याला मला ती सात नावं आठवली असती."

ईश्वरी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं न विचारता हजेरीपुस्तकांचे फोटो संगणकावर लावून दिले, महिन्यांनुसार. बोलली मात्र नाही.

विभागात परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात तृप्तीचा आकडा सात गुणांनी उतरला. मुजावर सरांनी वहीत तिसरी नोंद केली. सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी अशा पाच ठिकाणच्या डायलिसिस विभागांतून त्यांनी आणखी बहात्तर जणांचे आकडे जमवले. फोनवर बोलत, यंत्राला जोडलेले असताना, मोकळ्या हातानं लिहीत.

या आकड्यांच्या आधारे तृप्तीनं प्रत्यय कंपनीविरुद्ध पतमापन तक्रार लवादाकडे दाद मागितली. सुनावणी सप्टेंबरच्या अकरा तारखेला पुण्यात झाली. प्रवेशाची मुदत तोवर टळून गेली होती. सरांना पुण्याला नेणं म्हणजे दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसाचं काम. इरफाननं रजा काढली आणि गाडी आणली. सुनावणी सगळ्यांना पाहता येत असे. मिरजेत विभागातल्या टीव्हीवर पेशंट ती बघत होते.

कंपनीच्या वतीनं नील साठ्ये नावाचे गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "आमचं मॉडेल कुणाचा आजार, जात, धर्म काही बघत नाही. त्याचं भाकीत शंभरात एक्क्याण्णव वेळा खरं ठरतं. आम्ही भावनेवर चालू लागलो तर बुडीत कर्जाचा भार प्रामाणिक ग्राहकांवर पडेल."

मुजावर सर बसूनच बोलले. "एक्क्याण्णव बरोबर आहे, मी नाकारत नाही. खरं कसं ठरतं ते सांगतो. या त्र्याऐंशी कर्मचाऱ्यांपैकी तुमचा आकडा येण्याआधी थकबाकीदार किती? शून्य. नंतर सहा. सहाही जणांचा व्याजदर आकडा घसरल्यामुळे अकरावरून एकोणीस टक्के झाला होता, आणि त्यानंतर हप्ता चुकला. तुम्ही आधी पाय ओढलात, माणूस पडला, आणि वहीत लिहिलंत, आम्ही म्हणालोच होतो."

साठ्ये म्हणाले, "माणूस कुणाच्या सहवासात राहायचं ते स्वतः निवडतो. आम्ही ती निवड मोजतो."

लवादाच्या अध्यक्षा देशमाने मॅडमनी तृप्तीला उभं केलं. तिचे तीन आकडे त्यांच्यासमोर होते. सहाशे अठरा, सहाशे सत्तावीस, सहाशे वीस.

"जूनमध्ये तुम्ही बदली का मागितली होती?"

तृप्तीला ठाऊक होतं की विभागात टीव्ही चालू आहे. पलंग क्रमांक एकवर लक्ष्मीबाई, दोनवर पाचोरे, सगळे बघत असतील. त्यांना ती वरून आदेश आलाय असं सांगून गेली होती.

"कर्जासाठी," ती म्हणाली. "आकडा वाढावा म्हणून. या सरांच्या जवळून आणि माझ्या बाकीच्या पेशंटजवळून उठावं म्हणून. मी त्यांना खोटं सांगून गेले. वरून आदेश नव्हता." तिनं श्वास घेतला. "आठ दिवस मी कपाटांजवळ बसले. त्या आठ दिवसांत मी कमी प्रामाणिक होते मॅडम, जास्त नाही. माझ्या आयुष्यातले तेच आठ दिवस असे आहेत की ज्यांची मला लाज वाटते. आणि यांच्या यंत्रानं मला त्याच आठ दिवसांचे नऊ गुण दिले."

साठ्येंनी कागद चाळले.

"हे साहेब म्हणतात, मी निवडलं," ती पुढे म्हणाली. "हो, अठरा वर्षांपूर्वी मी हे काम निवडलं. पण त्या माणसांनी आजार निवडला नाही. त्यांची बायकापोरं आता जवळ बसत नाहीत. नऊ जणांनी उपचार सोडले, सात वारले. तुमचं मॉडेल फक्त फोन बघतं ना? मग त्या सात जणांचे फोन बंद झाले, एवढं तरी त्याला दिसलं असेल."

निकाल ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला लागला. रुग्णालयं आणि उपचारकेंद्रांतला सहवास कंपनीनं पत मोजताना धरू नये, नव्वद दिवसांत पद्धत सुधारावी. तक्रारदार तृप्ती मगदूम यांचा आकडा ताबडतोब दुरुस्त करावा. भरपाईची मागणी फेटाळली. बाकी सगळ्या सहवासाला, गल्लीला, भावकीला, कारखान्याच्या पाळीला लवादानं हात लावला नाही.

"अर्धाच जिंकलो," तृप्ती रागानं म्हणाली. "बंद कारखान्याच्या गल्लीतल्या माणसाचं काय?"

"त्याचीही वही लागेल," मुजावर सर म्हणाले. "मी अजून आहे."

तृप्तीचा आकडा सातशे अडुसष्ट झाला. बँकेचा संदेश आला, तुमच्यासाठी कर्ज मंजूर. तिनं तो पुसून टाकला. ईश्वरी मिरजेतच कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली काम शिकायला लागली होती, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार होती. आईशी ती आता बोलायची, पण जूनबद्दल नाही.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी सुयोगचा फोन आला. "अक्का, सुनावणी बघितली. रविवारी येऊ का घरी? केतकीही येते म्हणतेय."

"माझा आकडा बघितलास?"

"बघितला."

तिला फोन आपटावासा वाटला. पण ज्या आठ दिवसांबद्दल ती सगळ्यांसमोर बोलली होती, ते तिचेच होते.

"मग रविवारी नको," ती म्हणाली. "माझ्या घरी येण्यात आता काही जात नाही तुझं. विभागात ये. सकाळी साडेसातला पहिली पाळी लागते. नव्वद दिवस अजून संपलेले नाहीत, तिथलं बसणं अजून मोजतात. फोन खिशात चालू ठेवून ये."

"अक्का, पुढच्या महिन्यात आमचा दर ठरतोय."

"माहितीये. म्हणूनच बोलावतेय."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तृप्तीनं वाट पाहणं सोडून दिलं, निदान तसं स्वतःला सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पहिली पाळी संपत आली होती. इरफान बापाशेजारी बसून त्यांच्या वहीत आकडे उतरवत होता. पुण्याहून परतल्यापासून तो त्यांना फाटकाशीच सोडून जात नसे. लक्ष्मीबाईंजवळ मात्र कुणी नव्हतं. त्यांच्या हातातली सुई काढायची वेळ झाली होती आणि तृप्तीची जोडीदार दुसऱ्या यंत्राशी अडकली होती.

दारात सुयोग उभा होता. हातात काही नव्हतं.

"फोन?" तिनं विचारलं.

"खिशात आहे. चालू आहे."

ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. राग गेलेला नव्हता; वर्षभराचा राग एका सकाळी जात नाही. तिनं कपाटातून हातमोज्यांची जोडी काढून त्याच्यापुढे धरली.

"घाल. इकडे ये. या लक्ष्मीबाई. मी सुई काढते, त्या जागेवर हा कापूस धरायचा, दहा मिनिटं. सोडलास तर रक्त थांबत नाही."

सुयोगनं बोटं ठेवली. लक्ष्मीबाईंनी अनोळखी माणसाकडे वर पाहिलं आणि हात सैल सोडला.

"किती जोरात दाबू अक्का?"

"जोर नको लावू," तृप्ती म्हणाली. "नुसता धरून ठेव."